वारसांच्या तक्त्यातील गाळलेले नाव

सर्व स्तुती अल्लाहसाठी, जो आकाशांचा आणि धरतीचा अंतिम वारस आहे, आणि दरूद व सलाम त्याचे प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यावर.

वाचक बंधुभगिनींनो, गेल्या हिवाळ्यातील एका जुम्याची गोष्ट. नमाज आटोपून मंडळी पांगली, तरी कोराडीतील एक परिचित गृहस्थ मशिदीच्या खांबाला टेकून बसून राहिले होते. वय पन्नाशीच्या पुढचे, येथील औष्णिक वीज केंद्रात कंत्राटदाराकडे काम करणारे, जमातीची नमाज सहसा न चुकविणारे. सर्व गेल्यावर त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले एक पाकीट माझ्यापुढे धरले. आत इंग्रजीतील पत्र होते. लंडनमधील एका वारस-शोधक संस्थेने लिहिले होते की, ब्रिटनमध्ये एक व्यक्ती मृत्युपत्र न करता वारली असून तिच्या मागे काही मिळकत आहे. आमच्या तपासानुसार आपण तिच्या वारसांपैकी एक असण्याचा संभव आहे. सोबतच्या करारावर सही करावी आणि वंशावळीचा तक्ता भरून पाठवावा. मृताचे नाव पत्रात नव्हते. संस्थेचा मोबदला मात्र टक्केवारीत स्पष्ट लिहिलेला होता.

"मौलाना, हे खरे असेल तर हे आमचे बडे अब्बाच असणार," ते म्हणाले. वडिलांचे थोरले बंधू १९६० च्या दशकात मुंबईला गेले, तेथून विलायतेला. काही वर्षे पत्रे आली, पुढे थांबली. आजोबा वारले तेव्हा त्यांना कळवायलाही पत्ता नव्हता. मग घरात त्यांचे नाव निघणेच बंद झाले.

त्यांनी मला दोन प्रश्न विचारले. पहिला मोकळ्या आवाजात: हा पैसा हलाल आहे का? दुसरा विचारताना आवाज खाली गेला: या तक्त्यात सगळ्यांचीच नावे भरावी लागतात का?

पहिल्या प्रश्नावर मी अनेक ग्रंथ उघडू शकलो असतो. पण या लेखाचे कारण दुसरा प्रश्न आहे. त्या गृहस्थांच्या संमतीने, नावे वगळून, मी तो आपल्यापुढे मांडतो आहे, कारण असे पत्र आपल्याही दारी येऊ शकते. कोकणातील आपली कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या जहाजांवर, केपटाऊनला, पूर्व आफ्रिकेला, आखाती देशांत आणि विलायतेला गेली. विदर्भातून गेलेले थोडे, पण गेले. आणि पत्र परदेशातूनच यायला हवे असेही नाही. आपल्या देशात दहा वर्षे ज्या बँक ठेवीला कोणी हात लावला नाही, ती रक्कम रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्ये स्थापन केलेल्या निधीत जमा होते. ऑगस्ट २०२३ पासून 'उद्गम' या संकेतस्थळावर अशा ठेवी नावाने शोधता येतात. सात वर्षे न घेतलेला लाभांश आणि त्यासोबतचे शेअर गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे वळते होतात. आजोबांच्या ट्रंकेत पडलेल्या एखाद्या कागदावरून वारसांना शोधत फिरणारे मध्यस्थ आता आपल्याकडेही आहेत.

तेव्हा प्रथम पत्राविषयी. सूरह अल्-हुजुरातच्या सहाव्या आयतीत ईमानवंतांना आदेश आहे की, विश्वासास अपात्र माणसाने बातमी आणली तर तिची शहानिशा करावी. हा आदेश आनंदाच्या बातमीलाही लागू आहे. किंबहुना आनंदाच्या बातमीलाच त्याची अधिक गरज असते, कारण तेव्हा माणसाला शहानिशा नकोशी वाटते. आपले आडनाव कोठून तरी उचलून, एका अज्ञात श्रीमंताचे वारस म्हणून आपली निवड झाली आहे असे कळविणारे ठग जगभर आहेत. त्यांची ओळख सोपी आहे: ते आधी पैसे मागतात. कधी मुद्रांकासाठी, कधी कर भरण्यासाठी, कधी 'फाइल मोकळी करण्यासाठी'. प्रामाणिक संस्था आपला मोबदला मिळकत हाती आल्यावर तिच्यातून घेते. वारसाच्या खिशातून आगाऊ एक रुपयाही मागत नाही. दुसरी गोष्ट, टक्केवारी ही दगडावरची रेघ नसते, ती बोलून कमी करता येते. दलालीच्या अशा मेहनतान्याविषयी फुकहांमध्ये जुनी चर्चा आहे आणि उत्तरकालीन हनफी विद्वानांनी रूढी पाहून त्याला वाव दिला आहे. परंतु किती व कशासाठी, हे समजल्याशिवाय सही करणे दीनच्याही दृष्टीने योग्य नाही आणि व्यवहाराच्याही.

असा व्यवसाय तेथे का उभा राहिला, हेही समजून घ्यावे. इंग्लंडच्या कायद्याप्रमाणे मृत्युपत्र न करता वारलेल्याची पत्नी, मुले, आईबाप, भावंडे, भावंडांची मुले, पुढे आजीआजोबा व काका-आत्या-मामा-मावश्या यांच्यापैकी किंवा त्यांच्या वंशजांपैकी कोणीच सापडले नाही, तर मिळकत राजसत्तेकडे जाते. तेथील सरकारी कायदा विभागाने अशा बेवारस मिळकतींच्या नावनिशीवार याद्या वर्षानुवर्षे प्रसिद्ध केल्या. त्या याद्या घेऊन खासगी संस्था जन्म-मृत्यूच्या नोंदी धुंडाळतात आणि वारसाला गाठतात. हक्क सांगण्यासाठी मुदतही दीर्घ असते: साधारणपणे १२ वर्षे, आणि काही अटींवर मृत्यूपासून ३० वर्षांपर्यंत.

'बेवारस' हा शब्द लिहिताना मी थबकतो. महाविद्यालयात मराठी शिकताना आमचे एक प्राध्यापक विचारत, या वाक्यातील मराठी शब्द कोणते? वारस, हक्क, तहसील, दस्त, मालमत्ता यांतले कोणते घरचे आणि कोणते दूरच्या वाटेने आलेले? वारस आणि हक्क हे दोन्ही शब्द कुरआनच्या भाषेतून आपल्या मराठीत आले आणि तलाठ्याच्या दप्तरात रुळले. 'अल्-हक्क' हे तर अल्लाहच्या नावांपैकी एक. त्याच शब्दाला 'सोड' जोडून आपण एक दस्त तयार केला आहे, हक्कसोडपत्र. त्याच्याकडे पुढे येऊ.

त्या गृहस्थांच्या मुलीने पत्र नीट वाचले, नागपुरातील एका वकिलांना दाखविले, संस्थेशी फोनवर बोलणे केले. पंधरवड्याने खात्री पटली. मृत व्यक्ती बडे अब्बाच होते. तीन वर्षांपूर्वी वारले. लग्न केलेले नव्हते, मूलबाळ नव्हते. एक लहानसे घर आणि बँकेत काही रक्कम. मूळ कागद न पाठविता साक्षांकित प्रती पाठवायच्या, असे वकिलांनी सांगितले, ते आपणही ध्यानात ठेवावे. शाळा सोडल्याचा दाखला, निकाहनामा, रेशनकार्ड अशा तीन कागदांवर एकाच माणसाच्या नावाची तीन रूपे निघाली. त्यासाठी प्रतिज्ञापत्र करावे लागले. हे सर्व किचकट, पण सुटणारे.

आता शरीअतचा क्रम. मृताच्या मालातून प्रथम त्याच्या दफनाचा खर्च, मग त्याचे कर्ज, मग त्याने वसीयत केली असल्यास एक तृतीयांशाच्या मर्यादेत ती, आणि उरलेल्यावर वारसांचा हक्क. सूरह अन्-निसामध्ये वाटे सांगताना पुन्हा पुन्हा बजावले आहे की, हे वसीयत व कर्ज यांच्यानंतर. मी त्यांना विचारले, बडे अब्बांवर कोणाचे देणे होते का? त्यांना आठवले की, जाताना जहाजाच्या भाड्याला पैसे कमी पडले होते आणि गावातील एका किराणा दुकानदाराने दिले होते, असे वडील सांगत. परत केले की नाही, कोणास ठाऊक. दुकानदार हिंदू होते, आता हयात नाहीत. नातू दुकान चालवितो. मी म्हटले, त्याच्याकडे जा आणि विचारा. मोमिनाचा आत्मा त्याच्या कर्जापाशी अडकून राहतो, असे प्रेषितांनी (स.) सांगितले आहे, आणि देणेकऱ्याचा धर्म कोणता याने त्यात काही फरक पडत नाही. बँकेतील रकमेवर जमा झालेले व्याज वेगळे काढून, पुण्याची अपेक्षा न ठेवता, गरजूंना द्यावे. याविषयी अधिक लिहीत नाही. स्थानिक मुफ्तींना विचारून घ्यावे.

यानंतर वाटे. मृताच्या मागे मूल नाही, आईबाप नाहीत. अशा व्यक्तीला कुरआनने कलाला म्हटले आहे. ह. जाबिर (रजि.) आजारी होते, प्रेषित (स.) भेटीला आले. जाबिर (रजि.) यांनी विचारले, माझ्या मागे बहिणीच आहेत, मी माझ्या मालाचे काय करू? सूरह अन्-निसाची शेवटची आयत याच संदर्भात अवतरल्याचे सांगितले जाते. ह. उमर (रजि.) या मसल्याविषयी इतक्यांदा विचारीत की, प्रेषितांनी (स.) त्यांच्या छातीवर बोट टेकवून म्हटले, उन्हाळ्यात अवतरलेली ती आयत तुम्हाला पुरेशी नाही का? (उन्हाळा म्हणजे काय, हे आम्हा नागपूरकरांना वेगळे सांगायला नको. त्या तापलेल्या दिवसांत अल्लाहने एका बहिणीचा वाटा ठरवून दिला, हे प्रत्येक वैशाखात मला आठवते.) त्या आयतीत स्पष्ट आहे: निपुत्रिकाची एक सख्खी बहीण असेल तर तिला निम्मा वाटा.

बडे अब्बांना एक बहीण होती. होती नव्हे, आहे. पत्र आणणाऱ्या गृहस्थांची फुफी. वय पंच्याहत्तरीच्या पुढचे, कामठीत राहते, कोराडीपासून अर्ध्या तासाच्या अंतरावर.

तक्त्यात जे नाव भरावे की न भरावे, असा प्रश्न पडला होता, ते हे.

हिशोब असा निघतो. फुफीला निम्मे. उरलेले निम्मे, ठरलेले वाटे दिल्यावर उरेल ते निकटच्या पुरुष नातेवाइकाला, या हदीसप्रमाणे, मृत भावाच्या मुलांना. हे गृहस्थ आणि त्यांचे धाकटे बंधू यांना एक चतुर्थांश प्रत्येकी. इंग्लंडच्या कायद्याने हिशोब किंचित निराळा पडतो: फुफीला निम्मे, आणि दिवंगत भावाचे निम्मे त्याच्या तिन्ही अपत्यांत समान, म्हणजे या दोघा भावांना आणि त्यांच्या बहिणीला प्रत्येकी एक षष्ठांश.

हे ऐकताच ते सावरून बसले. "म्हणजे शरीअतनुसार बहिणीला यातून काही नाही ना?"

मसला त्यांनी बरोबर उचलला होता. भावाची मुले असताना भावाची मुलगी या मालाची वारस ठरत नाही. मी मसला बदलू शकत नाही आणि बदलणार नाही. परंतु त्या क्षणी माझ्या मनात आलेले मी त्यांना सांगितले, आपल्यालाही सांगतो. फुफीचे नाव गाळावे का, असे विचारणाऱ्या माणसाला शरीअत आठवली नव्हती; बहिणीचा वाटा कमी होतो म्हटल्यावर मात्र ती लगेच आठवली. मी विचारले, "आपले वालिद वारून दहा वर्षे झाली. वालिदा त्यांच्याआधीच गेल्या. दोन मुलगे आणि एक मुलगी. वालिदांच्या मिळकतीत बहिणीचा एक पंचमांश होतो. तो दिला?"

ते काही बोलले नाहीत.

"मग तिचा सहावा भाग काढून घेण्याआधी तिचा पाचवा भाग देऊन टाका," मी म्हटले. सूरह अन्-निसाच्या आठव्या आयतीत सांगितले आहे की, वाटणीच्या वेळी वारस नसलेले नातेवाईक, अनाथ आणि गरजू उपस्थित झाले तर त्यांनाही त्यातून काही द्यावे आणि त्यांच्याशी भले बोलावे. विलायतेच्या कायद्याने बहिणीच्या पदरात जे पडते आहे, ते दोघा सज्ञान भावांनी खुशीने तिच्याकडेच राहू दिले, तर कोणता मुफ्ती त्यांचा हात धरणार आहे?

आता मूळ दुखण्याकडे. फुफीचे नाव गाळण्याचा विचार मनात आला कोठून? हे गृहस्थ लोभी नाहीत. मी त्यांना ओळखतो. त्यांना ते नाव गाळण्याची सवय झाली होती. आजोबांची पाच एकर जमीन. आजोबा वारले तेव्हा आजी हयात नव्हत्या. मागे दोन मुलगे व एक मुलगी. वडिलांनी फुफीला बोलावले, जेवू घातले, साडी दिली, दुय्यम निबंधकांच्या कचेरीत नेऊन हक्कसोडपत्रावर अंगठा घेतला. विलायतेला गेलेल्या भावाचे नाव, पत्ताच नाही म्हणून, वारस नोंदीत सांगितलेच नाही. फेरफार झाला, सातबाऱ्यावर एकट्या वडिलांचे नाव चढले. त्यांच्या पश्चात दोघा मुलांचे चढले, मुलीचे पुन्हा नाही.

हे एका घराचे नव्हे, आपल्यातील असंख्य घरांचे वर्णन आहे, हे आपण जाणता. बहिणीने मागितले नाही, असे आपण म्हणतो. तिने मागितले नाही, कारण मागितले तर माहेर तुटेल, हे तिला ठाऊक असते. ईदला दार उघडणारा भाऊ तिला जमिनीपेक्षा मोठा वाटतो. तिच्या या प्रेमाची किंमत आपण एकरांत वसूल करतो. लग्नात खर्च केला, असेही आपण म्हणतो. लग्नातील खर्च बापाने हयातीत केलेला असतो. वारसा तर त्याच्या मृत्यूच्या क्षणी निर्माण होतो. आधीच्या जेवणावळीने नंतरचा हक्क कसा फिटेल?

आणि हक्कसोडपत्र? हनफी फिकहमध्ये वारशाची मालकी ही माणसाच्या इच्छेवर अवलंबून नसते. मृत्यूबरोबर ती आपोआप वारसाकडे येते. म्हणून 'मी माझा हक्क सोडला' एवढ्या शब्दांनी ती संपत नाही. मोबदला घेऊन, समजून-उमजून केलेली तडजोड वैध आहे, फुकहा तिला तखारुज म्हणतात. अन्यथा मार्ग हा की, तिचा वाटा वेगळा काढून तिच्या ताब्यात द्यावा. त्यानंतर तिने मनापासून भावाला काही दिले तर ते तिचे औदार्य. कागदावर काय लिहिले आहे हे न वाचता, न समजता घेतलेला अंगठा न्यायालयात टिकेलही. ज्या दिवशी हातपायच साक्ष देतील, त्या दिवशी त्या अंगठ्याची साक्ष काय असेल, याचा विचार करावा.

मी कागद घेतला आणि दोघांनी मिळून मसला सोडविला. आजोबांच्या मिळकतीत मुलगा दोन, मुलगा दोन, मुलगी एक, असे पाच भाग. बडे अब्बा तेव्हा हयात होते, हे आता लंडनच्या कागदानेच सिद्ध झाले. म्हणजे पाच एकरांतील दोन एकर त्यांचे होते. बेपत्ता वारसाचा वाटा अमानत म्हणून राखून ठेवायचा असतो, गिळायचा नसतो. आता ते वारले, तेव्हा त्या दोन एकरांतील निम्मे, एक एकर, पुन्हा त्यांच्या बहिणीचे. तिचा स्वतःचा एक एकर होताच. बारीक हिशोब केला तर सबंध जमिनीचे पन्नास भाग होतात: फुफीचे २०, बहिणीचे ४, दोघा भावांचे १३-१३. पाच एकरांतील दोन एकर त्या म्हातारीचे निघाले, जिचे नाव सातबाऱ्यावर नाही आणि तक्त्यावर लिहावे की नाही, असा प्रश्न होता.

ते त्या आकड्यांकडे बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "लंडनचा माणूस म्हणतो, एकही वारस सुटला तर फाइल पुढे जाणार नाही. आमच्याकडे तर कोणी विचारलेच नाही, मौलाना."

विचारणारा विचारतो आहे, एवढेच मी म्हटले. ह. सअद बिन रबीअ (रजि.) उहुदच्या युद्धात शहीद झाले, तेव्हा त्यांच्या भावाने सगळा माल ताब्यात घेतला. त्यांची पत्नी दोन मुलींना घेऊन प्रेषितांकडे (स.) आली. तिने कोणतीही कैफियत रचली नाही. यांचा बाप गेला, चुलत्याने काही शिल्लक ठेवले नाही आणि मालाशिवाय यांची लग्ने कशी होतील, एवढेच सांगितले. अल्लाह याचा निर्णय करील, असे प्रेषितांनी (स.) सांगितले, आणि वारशाची आयत अवतरली. चुलत्याला बोलावून आदेश झाला: दोन तृतीयांश मुलींना दे, एक अष्टमांश त्यांच्या आईला दे, उरेल ते तुझे. दीनमधील वारशाच्या कायद्याची सुरुवात अशी एका हिसकावल्या गेलेल्या वाट्यापासून झाली आहे. आणि सूरह अल्-फज्रमध्ये वारशाचा माल अधाशीपणे गिळंकृत करणाऱ्यांना ठपका दिला आहे, तो अनाथाचा सन्मान न करणाऱ्यांच्या जोडीला बसवून.

आपल्या मुंबईच्या इतिहासातही एक पान आहे. १८४७ मध्ये खोजा समाजातील मुलींनी बापाच्या मिळकतीत कुरआनप्रमाणे वाटा मिळावा म्हणून मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. न्यायमूर्ती सर अर्स्किन पेरी यांच्यापुढे प्रश्न होता, ग्रंथ श्रेष्ठ की जमातीची रूढी? रूढी सिद्ध झाली आणि मुली हरल्या. त्यानंतर नव्वद वर्षांनी, १९३७ मध्ये, शरीअत कायदा आला आणि रूढीच्या जागी वारशात शरीअत लागू झाली. मुस्लिम स्त्रियांच्या संघटनांनीही त्याला पाठिंबा दिला होता. परंतु त्याच कायद्याच्या कलमात शेतजमिनीचे प्रश्न वगळलेले आहेत. न्यायालयात त्याचे काय पडसाद उमटतात, ते वकिलांनी सांगावे. माझ्यापुरते मला एवढे ठाऊक आहे की, सूरह अन्-निसाच्या सातव्या आयतीत पुरुषांचा वाटा आहे आणि स्त्रियांचा वाटा आहे, माल थोडा असो वा फार. त्यात शेतजमीन वगळलेली नाही. शरीअतमध्ये हस्तक्षेप नको, म्हणून आपण मोर्चे काढतो. सातबाऱ्यात तो हस्तक्षेप आपणच केलेला असतो, याचा मोर्चा कोणी काढीत नाही.

पुढे काय झाले, हे आपल्याला जाणून घ्यावेसे वाटेल. लंडनच्या तक्त्यात सर्व नावे भरली गेली, फुफीचे सर्वांत वर. किराणा दुकानदाराच्या नातवाला जुन्या उसनवारीची काहीच माहिती नव्हती. तो हसला आणि चहा पाजला. मी सांगितले आहे की, पैसे हाती येताच अंदाजाने रक्कम ठरवून त्याला द्यावी, आणि त्याने घेतली नाही तर त्याच्या आजोबांच्या नावे एखाद्या सार्वजनिक कामाला लावावी. जमिनीचा प्रश्न सुटलेला नाही. हे गृहस्थ तयार आहेत, धाकटे बंधू नाहीत. एवढ्या वर्षांत जमिनीत घातलेला पैसा व घाम कोण मोजणार, असे ते विचारतात. प्रश्न अगदीच खोटा नाही, तो मोजता येतो आणि मोजावा. त्यांच्यासाठी मी ती हदीस राखून ठेवली आहे, जी ह. उम्मे सलमा (रजि.) यांनी सांगितली. दोन माणसे एका जुन्या, पुरावा न उरलेल्या वारशाचा तंटा घेऊन प्रेषितांकडे (स.) आली. प्रेषित (स.) म्हणाले, मी माणूसच आहे, तुमच्यापैकी एखादा अधिक चतुराईने बोलेल आणि मी ऐकलेल्यावरून निर्णय देईन, पण भावाचा हक्क मी कोणाला देऊन बसलो, तर तो मी त्याला आगीचा तुकडा कापून दिला असे समजावे. दोघेही रडू लागले आणि प्रत्येकजण म्हणू लागला, माझा हक्क माझ्या भावाला. तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना परत पाठविले: जा, वाटणी करा, खरे काय ते शोधा, चिठ्ठ्या टाका, आणि मग एकमेकांना माफ करा. आधी वाटणी, मग माफी. आपण क्रम उलटा करतो. बहिणीकडून माफी आधी मागतो.

तक्ता पाठविण्यापूर्वी ते गृहस्थ फुफीला सांगायला कामठीला गेले, मलाही सोबत नेले. मागच्या बकरीदनंतर ते तिकडे गेलेले नव्हते. म्हातारीने पत्राची हकिकत ऐकली. रक्कम किती, हे तिने विचारले नाही. निम्मा वाटा तुमचा आहे, असे मी सांगितले, त्याकडेही तिचे लक्ष नव्हते. आपला भाऊ तीन वर्षांपूर्वीपर्यंत जिवंत होता, हेच तिच्या मनात उतरत नव्हते. ती इतकी वर्षे त्याला मेलेला समजून फातेहा पढत आली होती. बऱ्याच वेळाने तिने पुतण्याला विचारले, "जनाजा कोणी केला? कबर कुठे आहे?"

आम्हा दोघांपैकी कोणाच्याही हा प्रश्न डोक्यात आला नव्हता. टक्केवारी, वाटे, प्रतिज्ञापत्र, सगळे विचारून झाले होते. त्याच रात्री त्यांच्या मुलीने संस्थेला लिहिलेल्या उत्तरात शेवटी एक ओळ वाढविली: मृताचा दफनविधी कोणी व कोठे केला, हे कृपया कळवावे, त्यांच्या भगिनी विचारीत आहेत. तक्ता कोराडीच्या टपाल कचेरीतून रजिस्टर्ड टपालाने गेला. त्या ओळीचे उत्तर हा मजकूर लिहीपर्यंत आलेले नाही.

अल्लाह त्या परदेशात वारलेल्या बांधवाला क्षमा करो आणि त्याच्या बहिणीला त्याच्या कबरीचा पत्ता मिळो. आमीन.